राहून गेलेला भूगोलाचा पेपर

मागच्या अंकात कृष्णाबाईच्या उत्सवाबद्दल लिहिताना एक वाक्य माझ्या हातून निसटलं. 'वाईत जन्मले, वाईतच दिली गेले, पण वाई पहिल्यांदा पाहिली ती पन्नाशी उलटल्यावर, लॉकडाउनमध्ये, मैत्रिणीबरोबर.' संपादकांनी ते कापलं नाही आणि तुम्ही ते सोडलं नाहीत. या महिन्याच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं त्या एका वाक्यावरची आहेत. त्यामुळे पाणी तापवायच्या बंबावरचे आणि लोणच्यावरचे प्रश्न पुढच्या अंकात.

मैत्रिणीचं नाव मात्र विचारू नका. 'छापलंस तर संकष्टीच्या दुर्वा यापुढे रोख पैसे देऊन न्यायच्या,' असं तिनं बजावलंय. एवढं सांगते की तिचं हार-नारळाचं दुकान ढोल्या गणपतीच्या वाटेवर आहे, माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान बाजारात आहे आणि पाचवीत आम्ही एका बाकावर होतो.

प्रश्न : 2020 साली तर घराबाहेर पडायला बंदी होती. मग तुम्ही फिरलात कशा? नियम मोडून फिरण्याचं कौतुक मासिकातून व्हावं का? (एक निवृत्त कर्मचारी, पुणे)

रागावून विचारलंत ते बरं केलंत. आधी कबुलीजबाब देते. एकदा नियम मोडला आहे.

22 मार्चला रविवारी जनता कर्फ्यू झाला, संध्याकाळी थाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी, 23 तारखेला, दहावीचा भूगोलाचा पेपर होता. तो आधीच पुढे ढकलला होता आणि शेवटी झालाच नाही. त्या पेपरसाठी पोरांनी मागितलेल्या नोट्सचे गठ्ठे मी शुक्रवारी रात्री उशिरापर्यंत जागून काढून ठेवले होते. पाठकोऱ्या पानांचे, एका बाजूला छापलेले. 24 च्या रात्री देशभर लॉकडाउन जाहीर झाला, दुकानाचं शटर खाली गेलं आणि ते गठ्ठे घरी आले. तिचं दुकान तर त्याच्याही आधी बसलं. देऊळ बंद म्हटल्यावर हार कोण घेणार? तिनं पाटीभर झेंडू गाईला घातला, तो दिवस माझ्या लक्षात आहे. गाय पण दुसऱ्या दिवशी तोंड फिरवायला लागली.

एप्रिलच्या मध्यावर आम्ही दोघी पहाटे घाटावर गेलो. वीसच पावलं गेलो असू. कोपऱ्यावर एक तरुण पोलीस होता, आमच्या मुलांच्या वयाचा. 'मावशी, उठाबशा काढायला लावणं बरं दिसणार नाही मला. जावा घरी.' मैत्रीण म्हणाली, 'नदीला नमस्कार करून जाते.' तो म्हणाला, 'घरातनं करा, पोचतो.' आम्ही परत फिरलो. बरोबर तोच होता. त्याच्या डोळ्यांत झोप नव्हती, आमच्या डोळ्यांत नुसता कंटाळा होता.

त्यानंतर जून उजाडेपर्यंत फिरणं नाही. जूनच्या सुरुवातीला 'मिशन बिगिन अगेन' आलं आणि सकाळी व्यायामाला बाहेर पडायची मोकळीक मिळाली. तेव्हापासून साडेपाच ते साडेसात, मास्क लावून, दोघीच. पासष्टच्या पुढच्यांनी घरात राहायचं होतं आणि माझ्या घरी सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या. म्हणून अंतर आम्ही खरोखर पाळलं. तिच्या दुकानापुढच्या ताडपत्रीचा एक बांबू होता, मोजून सव्वासहा फूट. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. कुत्र्यांनाही उपयोगी पडायचा. गावानं आमचं नाव 'पालखी' ठेवलं होतं. त्या वर्षी माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या आणि वाईत आम्ही दोघी बांबू घेऊन चाललेल्या, त्यामुळे नाव चपखल बसलं असावं.

प्रश्न : देवळं तर नोव्हेंबरपर्यंत बंद होती. वाईत देवळं सोडून पाहिलंत तरी काय? (एक वाचक, सांगली)

देवळांच्या पाठी पाहिल्या. थट्टा नाही करत.

मैत्रीण तीस वर्षं ढोल्या गणपतीच्या वाटेवर बसते. येणाऱ्यांचे चेहरे बघून कोण एकवीस दुर्वांची जुडी घेणार आणि कोण नुसतं हात जोडून जाणार हे ती सांगते. त्या जून महिन्यात देवळाचं दार बंद, म्हणून आम्ही कडेनं खाली उतरलो आणि पलीकडच्या अंगाला गेलो. ती थबकली. म्हणाली, 'अगं, हे देऊळ मागनं असं आहे?'

देवळाची मागची भिंत सरळ नाही. माशासारखी आहे, मध्ये टोकदार आणि दोन्ही बाजूंना वळत गेलेली. मत्स्याकार म्हणतात ते हेच. शाळेत हे वाक्य आम्ही पाठ केलं होतं, स्थानिक इतिहासाच्या तासाला, आणि दोघींनीही मासा म्हणजे भिंतीवर कोरलेलं चित्र असणार असं धरून चाललो होतो. पंचेचाळीस वर्षं! ज्या गावात मराठी विश्वकोश तयार झाला त्या गावात राहून ही अक्कल.

भिंत अशी का, ते जुलैत कळलं. वर पाऊस झाला, कृष्णा गढूळ होऊन चढली. आम्ही लांब, उंचावर उभ्या होतो. पाण्याबरोबर उसाची चिपाडं, एक निळी बादली, झाडाची फांदी, थर्माकोलचा तुकडा असं काय काय येत होतं. पाणी भिंतीच्या टोकाला लागत होतं, तिथं फाटत होतं आणि दोन्ही अंगांनी घसरून पुढं जात होतं. थांबून धडका देत नव्हतं. निळी बादली डाव्या अंगानं गेली, फांदी उजव्या. सरळ भिंत असती तर सगळा भार तिच्यावर आला असता. रास्ते मंडळींनी हे देऊळ 1762 साली बांधलं, म्हणजे पानिपतानंतर वर्षभरानं. गणपती केवढा मोठा, एका दगडात कसा घडवला हे सगळे सांगतात. तो आहेच मोठा, माणसाच्या दीडपटीहून उंच. पण भिंत बांधणाऱ्या गवंड्याबद्दल कुणी एक शब्द बोलत नाही. नदी कुठून येते आणि काय काय घेऊन येते याचा त्यानं आधी विचार केला आणि मग दगड लावला.

शेजारी काशीविश्वेश्वर आहे. तिथला काळा कुळकुळीत नंदी आम्ही फटीतून पाहायचो. एरवी त्याच्या पाठीवर भाविकांचे हात फिरून फिरून झिलई येते. त्या वर्षी त्यावर बोटभर धूळ होती. मैत्रिणीला ती बघवेना.

मग आम्ही सात घाट ओळीनं घेतले. भीमकुंड, गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह. नावं तोंडपाठ, पण कुठला घाट कुठं संपतो आणि पुढचा कुठं सुरू होतो हे दोघींनाही सांगता येईना. कृष्णाबाईचा उत्सव घाटाघाटानं पुढं सरकतो. अफझलखान वाईला असताना, महाराजांना यश यावं म्हणून कृष्णेला हा उत्सव बोलला होता असं सांगतात. आमच्या लहानपणी उत्सव म्हणजे प्रसादाचं जेवण आणि रात्रीचं कीर्तन. पायऱ्या कोण बघतंय? त्या पावसाळ्यात आम्ही एकेका घाटाला तीन-तीन सकाळी दिल्या. कुठल्या पायरीला दोर घासून खाच पडली आहे, कुठल्या दगडावर धुण्याचा पांढरा डाग बसलाय, कुठं पाण्यात उतरताना डावा पाय आधी टाकावा लागतो, हे सगळं भूगोलाच्या नोट्सच्या पाठकोऱ्या बाजूला लिहून काढलं. पुढच्या बाजूला 'ब्राझील : लोकसंख्या' आणि मागं 'धर्मपुरी घाट, सातवी पायरी सैल'.

प्रश्न : मेणवलीच्या घाटावर वसईची घंटा आहे असं आमच्याकडे सांगतात. तुम्ही पाहिली का? तिच्यावर खरंच मेरीमातेची आकृती आहे का? (एक वाचक, वसई)

पाहिली, आणि तुमच्या गावचं पत्र आलं म्हणून विशेष आनंद झाला.

मेणवली आमच्यापासून तीनेक किलोमीटर. गाव नाना फडणविसांचं, कृष्णेकाठी त्यांचा सहा चौकांचा वाडा आणि वाड्यामागं चंद्रकोरीच्या आकाराचा घाट. एरवी तिथं सिनेमाची शूटिंगं, फोटो काढणारी नवरा-नवरीची जोडपी, मक्याचं कणीस. आम्ही गेलो तेव्हा जूनअखेर होती. घाटावर एक खंड्या आणि आम्ही. वाडा बंद होता आणि बंदच बरा वाटला. आत चित्रं आहेत, नानांचं दफ्तर इथंच सांभाळलं गेलं, ते इतिहासकारांच्या कामाचं. आमचं काम घाटावर होतं.

घंटा देवळाजवळच्या छोट्या दगडी चौकटीत टांगलेली आहे. चिमाजीअप्पांनी 1739 च्या मे महिन्यात वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या ज्या घंटा देशावर आल्या त्यांतली ही एक. नाशिकची नारोशंकराची घंटा तशीच, भीमाशंकरची तशीच. मेणवलीच्या घंटेवर 1707 हे साल आहे आणि मेरीमाता बाळ येशूला घेतलेली आकृती आहे.

आता मैत्रिणीचं ऐका. लहानपणापासून ती या घंटेखाली पंधरा-वीस वेळा उभी राहिली असेल. प्रत्येक वेळी मागं रांग, 'वाजवा आणि सरका'. त्या दिवशी रांग नव्हती आणि घंटेला हात लावायचा नाही असं आमचं ठरलेलं, कारण तेव्हा आम्ही दाराच्या कडीलाही कोपरानं ढकलत होतो. हात लावायचा नाही म्हटल्यावर डोळेच उरले. ती खालून वर बघत सावकाश एक फेरी मारून आली आणि म्हणाली, 'कडेवर पोर आहे. बाई लेकुरवाळी आहे गं.' मग तिनं पदराच्या टोकाला बांधलेलं मोगऱ्याचं एक फूल सोडलं, पायथ्याच्या दगडावर ठेवलं आणि बांबूचं टोक उचलून चालायला लागली. मी काही विचारलं नाही. हार-फुलं विकणाऱ्या बाईला फूल कुठं ठेवायचं हे मी सांगायचं नसतं.

प्रश्न : मी आणि माझी बेस्ट फ्रेंड, दोघीही बीएच्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या गावाच्या आसपास काही बघण्यासारखं नाहीच असं सगळे म्हणतात. सुरुवात कुठून करू? (एक विद्यार्थिनी, लातूर जिल्हा)

पोरी, 'बघण्यासारखं' हा शब्द आधी बाजूला ठेव. तो सहलीवाल्यांचा शब्द आहे.

आमची सुरुवात रद्दीतून झाली. बऱ्याच वर्षांपूर्वी एका प्राध्यापकांनी माझ्याकडे सातारा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरची झेरॉक्स काढली होती. इंग्रजांच्या काळातलं, 1885 चं. तेव्हा माझं मशीन नवं होतं आणि हात कच्चा. वीसेक पानं तिरकी आली, काहींची कड काळी झाली. ती खराब पानं मी हिशेबाला कच्चा कागद म्हणून ठेवून दिली होती. लॉकडाउनमध्ये कपाट आवरताना सापडली. माझं इंग्रजी कॅशमेमोपुरतं. मुलाला शेजारी बसवून एकेक ओळ लावली. त्यात आमच्या गावाच्या उत्तरेला लोहारे गावाजवळच्या लेण्यांचा उल्लेख निघाला. लोहारेला माझी मावससासू राहायची! दहा लग्नं, चार बारशी, दोन दहावे त्या गावात केले. लेणी आहेत हे एकदाही कुणी बोललं नव्हतं, कारण गावाच्या लेखी ती लेणी नाहीत, तो देव आहे.

ऑक्टोबरात गेलो. बौद्ध लेणी, आत मोठा स्तूप. त्याचा वरचा भाग कधीचा गेलेला, आणि उरलेल्याची महादेव म्हणून पूजा होते. आत गेल्यावर गार, ओला दगड. स्तूपावर बेलाचं एक वाळलेलं पान. मैत्रीण पानाकडं बघून म्हणाली, 'दोन सोमवार झाले कुणी आलेलं नाही.' मी दगडाचं वय विचारत होते, ती पानाचं सांगत होती. दोन्ही लागतं. म्हणून म्हणते, एकटी जाऊ नको, आणि आपल्यासारखीच दुसरी बरोबर नेऊ नको. आपल्याला जे दिसत नाही ते जिला दिसतं ती घे.

सुरुवात पाण्यापासून कर. गावात नळ यायच्या आधी लोक पाणी कुठून आणत, हे पाच म्हाताऱ्या बायकांना विचार. पुरुषांना नको, ते सांगतील पण वाट चुकीची सांगतील, त्यांनी घागर वाहिलेली नसते. त्या बायका ज्या विहिरीचं, आडाचं, बारवेचं नाव घेतील तिथं जा. तुमच्या मराठवाड्यात तर बारवा जागोजागी आहेत. पायऱ्या मोज, कोनाड्यात काय आहे बघ, पाणी किती खाली आहे ते लिही. दर ऋतूत एकदा लिही. वहीच हवी असं नाही, पाठकोरा कागद चालतो. आणि उतरताना चप्पल काढू नको, शेवाळ असतं. देव आहे म्हणून कुणी काढायला लावली तर वरच थांब.

प्रश्न : दोन बायका रोज सकाळी घर सोडून फिरायला. घरचे काही म्हणत नव्हते? (एक गृहिणी, बार्शी)

म्हणत होते की. माझ्या घरी 'चहा कोण करणार' हा एकच मुद्दा होता. तो आठवड्यात निकालात निघाला, कारण सगळे घरीच होते आणि गॅस कसा पेटतो हे कळायला पदवी लागत नाही. तिच्याकडे अडचण निराळी होती. दुकान बंद, हातात पैसा नाही, आणि बाई फिरायला निघाली म्हणजे हिला काळजी कसली ती नाही, असं शेजार म्हणायचा. तिला काळजी होती. रोज सकाळी चालताना पहिला अर्धा किलोमीटर आकडेच असायचे. भिशीचा हप्ता, फुलवाल्याची उधारी, रेशनचे तांदूळ. तेवढं बोलून झालं की मग ती नदीकडं बघायची. घरात हे आकडे मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती.

प्रश्न : इतकं रोज बरोबर राहून भांडण झालं नाही? आम्ही दोघे मित्र लॉकडाउनमध्ये ट्रेकला जायला लागलो आणि शेवटी बोलणंच बंद झालं. (एक वाचक, कोल्हापूर)

झालं. तीन आठवडे अबोला होता आणि चूक माझी होती.

जुलैत आम्ही एका वाडीकडे गेलो होतो. नाव मुद्दाम लिहीत नाही. ओढ्यावर एक छोटी झेप आहे पाण्याची, फार तर दोन पुरुष उंच. तिच्या मामेबहिणीचं घर तिथं, म्हणून वाट ठाऊक. मी फोटो काढला. बरोबर ठरलं होतं की फोटो कुणाला पाठवायचा नाही. घरी आल्यावर मला राहवलं नाही. माहेरच्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं 'ओळखा पाहू'. तिथून तो कुठं कुठं गेला देव जाणे. ओळखणाऱ्यांनी ओळखलं.

पुढच्या रविवारी त्या वाडीत तीसेक मोटारसायकली. गाणी, बाटल्या, मास्क हनुवटीला. वाडीत सगळी म्हातारी माणसं, मुंबईहून आलेली पोरं शाळेत चौदा दिवस वेगळी ठेवलेली, आणि यांचं भिजणं चाललेलं. संध्याकाळी वाडीनं रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकल्या. त्यानंतर मामेबहिणीचं दूध डेअरीला न्यायला टेम्पो येईना, कारण वाट बंद. दोन दिवसांचं दूध वाया गेलं. तिनं फोन करून मैत्रिणीला चार शब्द सुनावले. ते शब्द खरं तर माझे होते.

मैत्रीण माझ्या दारात आली. आत आली नाही. बांबू उंबऱ्याला टेकून ठेवला आणि म्हणाली, 'हा तुझ्याकडे राहू दे.' एवढंच.

तीन आठवडे मी तो बांबू बघत होते. गणपती आले 22 ऑगस्टला. त्या वर्षी घरच्या मूर्ती दोन फुटांच्या आत आणि मिरवणूक नाही. मी त्याआधी वाडीला जाऊन आले, एकटी, फांद्यांच्या अलीकडून हाक मारून मामेबहिणीला दुधाचे पैसे दिले. ते तिनं घेतले, 'राहू दे' वगैरे म्हणाली नाही, त्यामुळे मला बरं वाटलं. मग मैत्रिणीकडे दुर्वा आणायला गेले. तिनं जुडी बांधली, पुढं केली आणि विचारलं, 'बांबू आणलास?'

तुमच्या मित्राचं काय बिनसलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण ट्रेकमध्ये भांडण बहुतेक चालण्याच्या वेगावरून किंवा फोटोवरून होतं. वेगावरून झालं असेल तर फोन करा. फोटोवरून असेल तर आधी ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे जाऊन या.

प्रश्न : अजून जाता का दोघी? की तो लॉकडाउनपुरताच छंद होता? (एक वाचक, नागपूर)

जातो. रोज नाही, आठवड्यातून एकदा, तिच्या दुकानाला मंगळवार आणि चतुर्थी सोडून.

मधे मोठा खंड पडला. 16 नोव्हेंबर 2020 ला पाडव्याला देवळं उघडली, तेव्हा तिनं पाच महिन्यांत पहिल्यांदा मला सकाळी 'आज नाही' म्हटलं. हार ओवत बसली होती, बोटं विसरलीत म्हणून स्वतःवर चिडत होती. एप्रिल 2021 मध्ये पुन्हा सगळं बंद झालं आणि त्याच महिन्यात तिला कोरोना झाला. ऑक्सिजनपर्यंत गेलं नाही, पण तेरा दिवस ताप येत-जात होता. मी रोज तिच्या खिडकीखाली उभी राहून वर बघायची. ती हात हलवायची. एक दिवस हलवला नाही, झोप लागली होती नुसती, पण त्या पाच मिनिटांत माझं काय झालं ते लिहीत नाही.

बरी झाली, पण वास गेला. इतरांना वास गेला म्हणजे आमटी बेचव. हिचा धंदाच नाकावर! निशिगंध कालचा की आजचा, मरवा कोमेजायला लागलाय का, टोपलीच्या तळाशी कुठलं फूल सडतंय, हे ती न बघता सांगायची. महिना, दोन महिने, चार महिने झाले, काही नाही. 7 ऑक्टोबरला घटस्थापनेला देवळं परत उघडली, तेव्हा तिनं मला बोलावलं. पहाटे फुलं आली की मी तिच्या दुकानात जायचं, निशिगंधाची पेंडी नाकाशी धरायची आणि सांगायचं. 'ताजा आहे?' 'आहे.' 'नक्की?' 'नक्की.' असे चार महिने.

फेब्रुवारी 2022 मध्ये आम्ही स्कूटरवरून लिंबची विहीर बघायला गेलो. साताऱ्याच्या अलीकडे, हायवेपासून आत. नाव बारा मोटेची, मोटा पंधरा. हे कोडं शाळेपासून ऐकलेलं. आम्ही दोनदा मोजलं, पंधराच आहेत. विरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 च्या दरम्यान बांधून घेतली, थोरल्या शाहूंच्या काळात. विहीर म्हणावी तर आत महाल आहे. भुयारासारख्या जिन्यानं खाली उतरायचं, मधल्या खोलीत जायचं, खांबांवरची नक्षी बघायची आणि कठड्यातून डोकावलं की खोल हिरवं पाणी. दगडातले सिंह भिंतीत बसवलेत. मी शिलालेख शोधत होते. ती जिन्याच्या अर्ध्यात थांबली.

'शी! कसला घाण वास येतोय गं इथं.'

पारव्यांची शीट आणि साचलेला दमटपणा, दुसरं काय. मला तर शिरल्यापासून येत होता. मी 'हो ना' म्हणून दोन पायऱ्या खाली गेले आणि मग कळलं. वळून पाहिलं तर ती पायरीवर बसली होती, पदर नाकाला लावायच्या ऐवजी बाजूला करून जोरजोरात श्वास ओढत. दहा महिन्यांनी. वर कुणी कॉलेजची पोरं होती, ती वाकून बघायला लागली की या मावशीला काय झालं.

विहीर अर्धी बघायची राहिली. तिला आत्ताच्या आत्ता दुकानात जायचं होतं. वाईला पोचलो, तिनं ओला फडका दूर केला, निशिगंधाची पेंडी उचलली, नाकाशी नेली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी स्कूटर स्टँडवर लावायच्या निमित्तानं बाहेर आले. सगळी पेंडी तिनं गाईला टाकली. चार महिने मी 'ताजा' म्हणून सांगत होते तो हा.